बियाण्यासोबत फुकट आलेलं सोनं

गजूचा फोन आला तेव्हा मी तूर निवडत बसले होते. गजू म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा, कुसुमचा मुलगा. फोन केला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मोठी आई, जेवली का?" त्या दिवशी त्यानं ते विचारलंच नाही आणि माझे हात सुपातच थांबले. आई सकाळी उठली, अंगण झाडलं, चहा घेतला आणि बसल्या जागी मान टाकली, एवढंच तो कसंबसं सांगू शकला. मी तशीच चपला सरकवून दारव्ह्याच्या स्टँडवर आले आणि बोरी अरबकडे जाणाऱ्या काळीपिवळीत बसले. जीप भरल्याशिवाय हलत नाही. तुमच्या घरचं माणूस गेलं असलं तरी हलत नाही. म्हणून बसून राहिले, पदर तोंडाला लावून. शेजारी एक बाई होती, बोरीचीच असावी, पण मला ओळखत नव्हती. तिला कुणीतरी सांगितलं की अमक्या गल्लीतली कुसुम गेली. तर ती काय म्हणाली... "कोन? थे पितळवाली?"

इतकी वर्षं झाली. बाई गेली तरी नाव गेलं नाही. मी जीपमध्ये काही बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर रडणं आधी आलं असतं आणि बोलणं राहून गेलं असतं. आता महिना होत आला, रडून झालं आहे, आता बोलते. त्या बाईच्या घरी हा पेपर येत असेल तर बरंच, नसेल येत तर ज्यांच्याकडे येतो त्यांनी तिला सांगा. कुसुम पितळवाली नव्हती. जे होतं ते सोनं होतं, आणि ते तिनं स्वतः तपासून घेतलं होतं. कसं, ते सगळं सांगणार आहे, आणि सांगता सांगता आवाज चढला तर समजून घ्या.

आम्ही तिघी जावा. थोरल्या बाई अमरावतीला, त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भासरे, तिकडे नोकरीला होते म्हणून. मी मधली, दारव्ह्याला; आमच्या यांचं शिवणकामाचं दुकान होतं. आणि शेत, घर, ढोरं, सासूबाई हे सगळं बोरीला, धाकट्याच्या म्हणजे कुसुमच्या पदरात. ठेंगणी, सावळी, आणि चालणं असं भराभर की सासूबाई म्हणायच्या, हिच्या मागं कुत्रं लागलं का पाहा. कापूस वेचायला बसली की शेजारच्या बाईची ओळ अर्धी होईपर्यंत ही पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर जाऊन पाणी पीत असायची. शाळा तिची दुसरीतच सुटली. माझी चौथीत सुटली, पण मला नाद होता, आपल्याआप वाचत वाचत मी इथपर्यंत आले. तिला अक्षरं ओळखू यायची, पण वाक्य जुळेपर्यंत धीर सुटायचा. मग कागद माझ्यापुढं धरायची, "ताई, तुम्ही वाचा, मी आयकते." आणि गंमत अशी की तोंडानं सांगितलेल्या गोष्टीवर ती कधी विश्वास ठेवायची नाही, बाजारात वांगंसुद्धा उलटंपालटं करून, दाबून, वास घेऊन घ्यायची. पण छापलेलं मात्र एकदम खरं. तिचं म्हणणं, "छापाले पैसे लागते ना ताई. खोटं बोलाले कोन पैसे घालन?" तेव्हा मी हसले होते. आता आठवलं की हसू येत नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि ते वाचवत नसे. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, मी वेगळं काय लिहिणार? मी एका शिशीचं सांगते. एका उन्हाळ्यात दारव्ह्याच्या एका कृषी केंद्रात कुठल्याशा नव्या कंपनीचं कापसाचं बी आलं. पाकिटांसोबत काही ना काही फुकट देण्याची तेव्हा चढाओढ होती. कुणी टोपी द्यायचं, कुणी पिशवी, एकानं तर भिंतीवरचं घड्याळ दिलं. या कंपनीनं काचेची शिशी दिली. करंगळीएवढी, वर लाल बूच, आत घट्टसर पाणी आणि त्या पाण्यात सोन्याचे पापुद्रे. मिठाईवर चांदीचा वर्ख असतो ना, तसे, पण पिवळे. शिशी उलटी केली की ते वर चढायचे, उन्हात लखलखायचे आणि मग अगदी सावकाश, जणू त्यांना कुठं जायची घाई नाही असे खाली यायचे. शिशी ज्या पुठ्ठ्यावर बसवली होती त्यावर छापलं होतं की आत शुद्ध सोनं आहे, आमचं बी पेरा, तुमच्या शेतात हेच उगवेल. मीच वाचून दाखवलं. कुसुमनं शिशी कपाळाला लावली.

गल्लीत मग कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. न्हाव्यानं पाहून सांगितलं, पितळेचा चुरा आहे. शाळेतले गुरुजी म्हणाले, मांडवाला चमकीचा कागद लावतात, तो कातरून टाकला आहे. धाकटे भाऊजी, म्हणजे कुसुमचा नवरा, म्हणाले, "सोनं असतं तं आपल्याले काहून देल्लं असतं? आपल्या बायकोले नसतं देल्लं का त्यानं?" कुसुम सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि पुठ्ठा दाखवायची. हे पाहा, लिवलं हाय. सासूबाईंना कुणी विचारलं तर त्या म्हणाल्या, खरं असो की खोटं असो, काच आहे, पोराच्या हाती देऊ नका. शेवटी शिशी देवाच्या फळीवर गेली, बाळकृष्णाच्या शेजारी.

बी मात्र जमिनीत गेलं ते तिथंच राहिलं. अर्ध्याहून जास्त तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, रिकामी, आणि जे उगवलं त्याला धड बोंड धरलं नाही. कुसुम एकेका रिकाम्या जागी बसून बोटानं माती उकरायची, तर खाली दाणा कुजलेला. दुकानदार म्हणाला, तुमची पेरणी चुकली. कंपनीचा एक माणूस आला होता, तो गाडीतून खाली न उतरता म्हणाला की जमीन थकली आहे. जमीन थकली! त्याच जमिनीच्या धुऱ्यावर अंबाडी कमरेएवढी उभी होती, ती काय त्यांच्या पाकिटातून आली होती? पण कुणाला विचारायचं... गाडी धूळ उडवत गेली. घरातलं सोनं, म्हणजे कुसुमची पोत आणि सासूबाईंचं कानातलं, ते त्याच्या आधीच बाजारात गेलं होतं. कोणत्या घरचं गेलं नव्हतं? बाया काळ्या मण्यांत खोटे पिवळे मणी ओवून लग्नाला जायच्या, आणि एकमेकींच्या गळ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करायच्या. ती एक वेगळीच माणुसकी होती.

त्याच वर्षी वेचणी संपता संपता सासूबाई अंथरुणाला लागल्या. आम्ही सगळे बोरीला जमलो. आमच्यात रीत आहे, माणूस जायला लागलं की त्याच्या तोंडात पाणी, तुळशीचं पान आणि सोन्याचा कण घालायचा. त्या कणावाचून जीव अडतो म्हणतात. शेजारच्या सुलोचनाबाई बौद्ध, त्यांच्यात धम्म घेतला तेव्हापासूनच हे सगळं सोडलेलं. त्या सासूबाईंचे पाय चोळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पानी पाजा, हात धरून बसा, झालं. आमची मानसं काय अडून राह्यली?" खरं होतं त्यांचं. पण सासूबाईंनी स्वतःच मागितलं. त्यांची वाचा गेली होती, ती त्या संध्याकाळी जराशी परत आली. त्यांनी आपल्या कानाच्या रिकाम्या पाळीला हात लावला, कुसुमकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कण..." बस, तेवढंच.

आता त्या खोलीत सोनं कुणाजवळ होतं? माझी पोत नावाला पिवळी. कुसुमची तशीच. थोरल्या बाई खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या, गळ्यात दोन पदरी नवं मंगळसूत्र, हातात पाटल्या. आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. कुसुम म्हणाली, "बाई, एक मनी द्या. बारकासा."

थोरल्या बाईंनी पदर गळ्याभोवती ओढून घेतला. "हे हॉलमार्कचं आहे," त्या म्हणाल्या. "यातला मणी काढला की वजन बदलतं. मग पावती चालत नाही."

मी शब्दन् शब्द तसाच लिहिला आहे. समोर सासू जाते आहे आणि बाई पावतीचं सांगते आहे. भासरे तिथंच उभे होते, ते छताकडे पाहू लागले, जणू तिथं काही वाचायला ठेवलं होतं.

कुसुम उठली. फळीवरून शिशी घेतली आणि बूच दातानं ओढून काढलं. मी म्हटलं, अगं, ते कंपनीचं पाणी पोटात नको जायला. ती म्हणाली, मले समजते ताई. तिनं सगळं बशीत ओतलं, वरचं पाणी निथळून टाकलं, माठातलं पाणी घालून पुन्हा पुन्हा धुतलं. एक पापुद्रा बोटावर घ्यायला गेली तर तो बोटाला लागला आणि तिथंच पुसून गेला, पिवळा डाग तेवढा राहिला. मग तिनं तुळशीचं पान ओलं केलं, दुसरा पापुद्रा त्याच्यावर अलगद चिकटला, आणि ते पान तिनं सासूबाईंच्या जिभेवर ठेवलं. वरून चमचाभर पाणी. "आई, सोनं हाय," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. सासूबाईंनी तोंड मिटलं. दिवे लागायच्या सुमारास गेल्या, अगदी शांत. उरलेले पापुद्रे कुसुमनं पुन्हा शिशीत भरून बूच लावलं.

तेरवीच्या दिवशी बायांची पंगत बसली होती आणि कुसुम वरणाची बादली घेऊन वाढत होती. तेव्हा थोरल्या बाई शेजारणीला सांगत होत्या, पण आवाज असा की सगळ्या पंगतीला ऐकू जावा. "आमच्या आईंना पितळ चारून पाठवलं हो. कंपनीच्या फुकटच्या बाटलीतलं." कुसुमच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. मी तिथंच म्हटलं, "बाई, तुमच्या गळ्यात होतं ते कायले झाकून घेतलं मग?" थोरल्या बाई पानावरून उठल्या. झालं असं की भांडण आठवत राहिलं ते माझं, आणि शब्द आठवत राहिला तो त्यांचा.

गावाला नाव ठेवायला कितीसा वेळ लागतो? तोपर्यंत गल्लीत कुणी अंथरुणाला लागलं की आधी कुसुमला बोलवायचे. तिला किळस नव्हती, मरणाची भीती नव्हती. कुशीवर वळवणं, अंग पुसणं, तोंडात पाण्याचा थेंब सोडणं, सगळं ती आपल्या पोराचं करावं तसं करायची. ते बोलावणं बंद झालं. एका घरी ती आपणहून गेली तर त्या घरची सून दारातच म्हणाली, "काकू, आमच्या घरी खरं सोनं हाय," आणि आतल्या बाया हसल्या. हे कुसुमनं मला हसत हसतच सांगितलं, आणि सांगता सांगता तिचं तोंड फिरलं. "लोकाइचं जाऊ द्या ताई. पन आई तिकडं अडून तं नसन ना? मी त्याइच्या कानात सांगतलं, सोनं हाय म्हणून. खोटं निंघालं तं?" मी सांगून पाहिलं, सुलोचनाबाईंनी समजावलं. पण असलं समजावणं कानापर्यंत जातं, त्याच्या पुढं जात नाही. सासूबाई अडल्या की नाही ते देव जाणे. कुसुम मात्र अडली होती. चालणंसुद्धा तिचं सावकाश झालं.

पुढच्या उन्हाळ्यात एका बाजाराच्या दिवशी ती शिशी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "चला ताई, सोनाराकडं." सोनाराच्या दुकानात ही गर्दी. शिशी पाहून तो हसला. म्हणाला, काकू, असल्या शिश्या जत्रेत मिळतात, बहुतेक वेळा पितळेचा पत्रा असतो नाहीतर नुसती चमकी. आणि कसोटीच्या दगडावर ओढायचं तर हातात काही यायला तर पाहिजे ना. कुसुम गादीच्या कडेला बसली ती बसलीच. गिऱ्हाइकं आली, गेली, हिनं काही जागा सोडली नाही. शेवटी कंटाळून त्यानं एक पांढरी बशी काढली. एका कडेला पितळेच्या छल्ल्याचा कीस, दुसऱ्या कडेला शिशीतले पापुद्रे, आणि दोन्हीवर काचेच्या कांडीनं तेजाबाचा एकेक थेंब. पितळ फसफसलं आणि थेंब हिरवागार झाला. दुसरा थेंब तसाच राहिला, पाण्यासारखा, आणि त्यात पापुद्रे पिवळे ते पिवळेच. आता सोनार वाकून पाहू लागला. शिशीतला आणखी एक पापुद्रा घेऊन त्यानं बोटांत चोळला, तर तो नाहीसाच झाला. पितळेचा पत्रा असा विरत नाही म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटत होतं.

"सोनं हाय काकू. वर्ख हाय, खरा. पन याच्यात काही नाही बरं. फुंकर मारली तं उडन. एका मन्याच्या सोन्यात असल्या पोतंभर शिश्या भरतीन. इकाले नका नेऊ कुठं, हसतीन लोक."

माझा पदर तर केव्हाच डोळ्यांना गेला होता. मी म्हटलं, "कुसुम, ऐकलं ना? आईला सोनंच गेलं." तिनं मान हलवली. असा श्वास सोडला तिनं, वर्षभर कुठं धरून ठेवला होता कोण जाणे. मला वाटलं आता ती रडेल, हात जोडेल, घरी जाऊन देवापुढं साखर ठेवेल. पण ती शिशीकडे पाहत राहिली आणि तिच्या कपाळावर आठी चढत गेली.

"म्हंजे त्याइले खरं देता येत होतं," ती म्हणाली.

सोनाराला काही समजलं नाही. मलाही क्षणभर समजलं नाही. तोवर ती रस्त्यावर उतरली होती, आणि पुन्हा तेच तिचं जुनं भराभर चालणं. मी मागे मागे. सरळ त्या कृषी केंद्रात. तोच दुकानदार, तोच पंखा, भिंतीवर नव्या हंगामाची नवी पोस्टरं. तिनं शिशी काउंटरवर ठेवली. सोनारानं तेजाब टाकून पाहिलं, सोनं खरं निघालं, असं सांगितलं. दुकानदार म्हणाला, मग चांगलंच झालं की.

"तं बी काहून खोटं निंघालं?"

"काकू, थे तं गिफ्ट होतं."

"गिफ्ट खरं अन् माल खोटा? मी गिफ्ट पेरलं नोतं बापा."

दुकानात उभी असलेली माणसं हसली. दोघं-तिघं नाही हसली, ती खाली पाहू लागली. त्यांच्याही शेतात तेच बी गेलं असणार. दुकानदारानं मग पाकीट मागितलं, पाकिटावरचा नंबर मागितला, पक्कं बिल मागितलं. पाकिटं चुलीत गेली होती. पाकीट कोण जपून ठेवतं? शिशी मात्र प्रत्येकानं जपून ठेवली होती... तो म्हणाला, आता ती कंपनीही त्या नावाची राहिली नाही, तुम्ही कुणाशी भांडणार? कुसुमनं शिशी त्याच्याकडे सरकवली. "ठिवा तुमचं गिफ्ट. माहं काम झालं याच्यातलं." आणि बाहेर आली. त्या माणसानं ती शिशी फेकली नाही बरं का. गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात लक्ष्मीच्या फोटोपुढं ठेवली. किती वर्षं मी जाता-येता पाहत होते. आता त्याला माहीत झालं होतं ना, की ती खरी आहे.

मी या गोष्टीचा फार विचार केला आहे. कुठल्यातरी शहरात, टेबलाशी बसून कुणीतरी ठरवलं असेल की शिशीत पितळ नको, खरंच टाका. सोनं खेड्यातल्या माणसाला समजतं. तो शिशी तपासेल, शंका घेईल, चारचौघांना दाखवेल, आणि ती खरी निघाली की पाकीटही खरं धरून चालेल. बी कोण तपासतो? बी मातीत जातं, आणि वर आलं नाही की दोष मातीचा, पावसाचा, पेरणाऱ्या हाताचा. मला त्या टेबलाशी बसलेल्या माणसाचा जेवढा राग येतो तेवढा थोरल्या बाईंचाही येत नाही. कधी कधी वाटतं, शिशीत पितळच असतं तर बरं होतं. निदान म्हणता आलं असतं, यांच्याजवळ खरं देण्यासारखं काही नव्हतंच. पण होतं. हवं तिथं त्यांनी खरं टाकलं, आमच्या वावरात मात्र टाकलं नाही.

थोरल्या बाईंना मी फोन करून सोनाराचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सोनाराला चहा पाजला असेल. हे कुसुमला सांगितलं तर तिला काहीच वाटलं नाही. "म्हणू द्या. मी आईले खोटं नाही बोलली, मले समजलं." सासूबाईंचं ते तिनं पुन्हा कधी काढलं नाही. पण दुसरा राग जो बसला तो उठला नाही. त्याच हंगामापासून तिनं एक सुरू केलं. बी आणलं की पाकिटातलं मूठभर काढायचं, ओल्या गोणपाटावर दाणे ओळीनं मांडायचे, गोणपाटाची गुंडाळी करून ओसरीच्या सावलीला ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. आठवड्यानं उघडलं की दिसतं, किती दाण्यांना मोड आला आणि किती तसेच पडले. हे काही तिनं शोधून काढलं नव्हतं. घरचं बी होतं तेव्हा जुनी माणसं असंच पाहायची. छापील पाकिटं आली आणि सगळे विसरून गेले. दुकानदार म्हणाला, फोडलेलं पाकीट परत घेत नाही. ती म्हणाली, मग तूच फोड, मूठभर दे, बाकीचं तुझ्याजवळच राहू दे, आठ दिवसांनी येते. खूप भांडली. लोक म्हणाले, हिला वेड लागलं. दुसऱ्या वर्षी गल्लीतली दोन-चार घरं आपापली मूठ घेऊन आली, मग खालच्या गल्लीतली. ओसरीवर गुंडाळ्यांची रांग लागायची. कुणाची कोणती ते समजावं म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायची. चिंध्या आमच्या दुकानातल्या, मी पिशवी भरून पाठवायची. ज्यांनी तिला मरणाच्या घरी दारातून परत पाठवलं होतं त्याही बी घेऊन यायच्या. ही कुणाला परत पाठवायची नाही. नाव मात्र तेच राहिलं. पितळवाल्या काकूकडं बी देऊन ये, असं पोरांना सांगायचे. मी चिडले की ती म्हणायची, "नाव कोनतंबी घ्या म्हणा ताई. बी तं पाहून पेरून राह्यले ना?"

मी त्या दिवशी बोरीला पोचले तेव्हा तिला अंगणात आणलं होतं. थोरल्या बाई माझ्याआधी आल्या होत्या. आता त्याही थकल्या आहेत, गुडघे धरून बसतात. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि मूठ उघडली. तळहातावर सोन्याचा मणी. मंगळसूत्रातलाच होता, तार तोडलेली दिसत होती. "हिच्या तोंडात घालू दे मला," त्या म्हणाल्या. कुणी म्हणेल, आता म्हातारी झाली, मन मोठं करा. माझं नाही झालं. पावतीचं काय, हे अगदी ओठांवर आलं होतं, समोर कुसुम होती म्हणून गिळलं. तेवढ्यात गजूची बायको वर्षा पुढं आली. शांत पोरगी, तिला मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नाही.

"आत्याबाई, आईनं सांगून ठिवलं हाय. कण नको म्हने. माठातलं पानी फक्त."

थोरल्या बाई म्हणाल्या, "अगं, खरं आहे हे. खरं सोनं आहे."

"हो ना," वर्षा म्हणाली. "तुमच्याजवळ खरं हाय थे त्याइले माईतच होतं."

थोरल्या बाईंनी मूठ मिटली. सुलोचनाबाईंनी माठातलं पाणी आणलं आणि आम्ही एकेक करून कुसुमच्या ओठांवर थेंब सोडले.

तिसऱ्या दिवशी लोक बसायला येत होते. ओसरीवर बाया, बाहेरच्या खोलीत माणसं. खालच्या गल्लीतला दिलीप आला, भिंतीला टेकून बसला, बाई चांगली होती म्हणाला, सगळे म्हणतात तसंच. चहा दिला तो घेतला नाही, आणि उठलाही नाही. त्याची नजर सारखी ओसरीच्या कोपऱ्याकडे जात होती. तिथं गुंडाळ्या होत्या. पेरणीचे दिवस तोंडावर आलेले, गल्लीची बियाणी कुसुमजवळच पडून होती, आणि या गडबडीत घरातल्या कुणालाच त्यांची आठवण राहिली नव्हती. गोणपाट मात्र ओलं दिसत होतं. मी सुलोचनाबाईंकडे पाहिलं, त्यांनी दुसरीकडे पाहिलं. त्याच शिंपडत होत्या.

दिलीप बिचारा खाली मान घालून बसलेला. मरणाच्या घरी कसं विचारणार? वर्षानं ते पाहिलं. हात पुसत उठली. "कोनती चिंधी, भाऊ?"

"निळी," तो म्हणाला, एवढ्याशा आवाजात.

तिनं निळ्या चिंधीची गुंडाळी काढली आणि बसायला आलेल्या सगळ्यांच्या मध्ये जमिनीवर उलगडली. ओळीच्या ओळी तपकिरी दाणे, फुगलेले, मिटलेले. मधूनच कुठंतरी एखादा पांढरा मोड. वर्षानं एक दाणा चिमटीत दाबला, तो पिचकला. तिनं गुंडाळी पुन्हा होती तशी बांधली.

"हे नका पेरू भाऊ."

"पाकीट फोडलं म्हणून दुकानदार वापस घेनार नाही."

"कसा नाही घेनार? उद्या मी येते तुमच्यासंगं. ही गुंडाळी अशीच घेऊन जाऊ."

थोरल्या बाई आतून म्हणाल्या, "अगं, सुतकात दुकानात जाणार?"

"पेरनी थांबते का सुतक फिटेपर्यंत?" वर्षा म्हणाली. मी म्हटलं, मीही येते. तिनं मान हलवली आणि बाकीच्या गुंडाळ्यांवर शिंपडायला माठातून तांब्या भरून घेतला.